निसरड्या दगडाचा इतिहास

नदीवर कधी पाय घसरला नाही असा माणूस आपल्याकडे शोधूनही सापडायचा नाही. घाटाची शेवटची पायरी, ओढ्यातला तो चपटा दगड, विहिरीच्या पाण्याशी टेकलेला कातळ... "जपून गं, निसरडं आहे" हे वाक्य आपण लहानपणी ऐकतो आणि म्हातारपणी दुसऱ्यांना ऐकवतो. पण निसरडं म्हणजे नेमकं काय? तोच दगड काठावर आणून उन्हात वाळवला तर हाताला खरखरीत लागतो. म्हणजे दगड बिचारा निसरडा नसतोच, त्याच्यावर जे राहतात त्यांचा तो गुण!

आणि हे राहणारेही बारा महिने तेच नसतात. नदीवर धुणं धुणाऱ्या कुणाही बाईला विचारा. कोणत्या महिन्यात दगडावर तपकिरी बुळबुळीत थर येतो, कधी हिरवे केस वाढतात, कधी पूर येऊन सगळं घासून पुसून लख्ख करून जातो, हे तिला तोंडपाठ असतं. दृष्टीआड सृष्टी म्हणतात, पण या सृष्टीचे सणवार मात्र दृष्टीआड नाहीत.

माझा विषय इतिहास. सनावळ्या पाठ करून घेण्यात आयुष्याची पस्तीस वर्षं गेली. विज्ञानातलं मला जे कळतं ते वाचून आणि विचारून. तेव्हा आज या दगडावरच्या सृष्टीचं विज्ञान सांगण्यापेक्षा तिचा इतिहास सांगते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांनाही ऋतू असतात हे माणसाला कळलं कसं? या प्रश्नाच्या मागे लागले आणि फार छान माणसं भेटली. त्यांतले काही तर आमच्यासारखे शाळामास्तरच निघाले!

सुरुवात हॉलंडपासून. डेल्फ्ट गावात आंतॉन व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. लॅटिन येत नव्हतं, विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता. स्वतःच्या हातानं काचेचं इवलंसं भिंग घासायचं, धातूच्या पट्टीत बसवायचं आणि डोळ्याशी धरून दिसेल ते बघायचं, हा त्याचा नाद. ७ सप्टेंबर १६७४ रोजी त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलं. (सगळी पत्रं आपल्या मातृभाषेत, डचमध्ये! भाषांतर लंडनवाल्यांनी करून घ्यायचं. मराठी माध्यमात शिकलेल्या मला याचं फार कौतुक वाटतं.) गावापासून दोन तासांच्या वाटेवर बेर्केल्स मीर नावाचं तळं होतं. त्याचं पाणी हिवाळ्यात नितळ असे आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला किंवा मध्यावर पांढुरकं होऊन त्यात हिरवे ढग तरंगू लागत. आसपासचे शेतकरी म्हणत की हे दवामुळे होतं. लेव्हेनहूकनं ते पाणी कुपीत भरून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलं. मळसूत्रासारखे वळलेले हिरवे पट्टे त्याला दिसले, आणि त्यांच्याभोवती वर, खाली, गोल गोल फिरणारे असंख्य चिमुकले जीव.

या पत्राची ख्याती आहे ती त्या जीवांसाठी. मला मात्र त्यातला शेतकऱ्यांचा उल्लेख मोठा वाटतो. तळ्याला ऋतू आहे हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांना आधीच ठाऊक होतं. कारण सांगताना ते चुकले, पण निरीक्षणात चुकले नाहीत. लेव्हेनहूकनं त्यांचं निरीक्षण जसंच्या तसं लिहून ठेवलं आणि कारण स्वतः तपासायला घेतलं. इतिहास शिकवताना मी मुलांना हेच सांगत असे, की लोक सांगतात ते फेकून देऊ नका, आणि तपासल्याशिवाय घेऊही नका.

पुढे १७०२च्या डिसेंबरातल्या एका पत्रात त्यानं डेल्फ्टच्या कालव्यातल्या एका पाणवनस्पतीबद्दल लिहिलं. पाण्यावर टिकलीएवढी पानं तरंगतात आणि खाली दोऱ्यासारखी मुळं लोंबतात, ती वनस्पती. त्या मुळांना चिकटून राहणारे जीव त्याला दिसले. काही देठावर घंटेसारखे उभे, काही आज आपण ज्याला हायड्रा म्हणतो तसे. मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्यांपेक्षा ही वस्ती वेगळी, कशाला तरी धरून राहणारी, बिऱ्हाड थाटणारी. लगेच १७०३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका इंग्रज गृहस्थाचं लिखाण आलं, नाव न देता. त्यालाही तसल्याच मुळांवर अगदी नेमके चौकोन आणि आयत एकमेकांना जोडलेले दिसले होते. तेच डायटम, असं आज मानतात.

डायटमना आपल्या मराठी विश्वकोशात फार सुंदर नाव आहे, करंडक वनस्पती. कुंकवाच्या करंड्यासारखंच त्यांचं घर, खालची डबी आणि वरचं झाकण, आणि तेही काचेच्याच जातीच्या पदार्थाचं. या घराच्या भिंती सिलिकाच्या असतात हे १८३४ मध्ये फ्रीडरिख क्यूट्झिंग या जर्मन माणसानं दाखवलं. हा क्यूट्झिंग पुढे नोर्डहाउझेन गावच्या शाळेत शिक्षक झाला आणि उभी हयात तिथेच शिकवत राहिला. विसाव्या शतकात डायटमचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणून ज्याचं नाव घेतात तो फ्रीडरिख हुस्टेट, तोही ब्रेमेनमध्ये शाळामास्तर, १९३९ पर्यंत. दिवसा वर्गात आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकावर! आपल्याकडे "मास्तर आहे" हे जरा कमीपणानं म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती मुद्दाम दिली.

एकोणिसावं शतक असं नावं ठेवण्यात आणि याद्या करण्यात गेलं. ते कामही थोर, पण यादीत ऋतू दिसत नाही. बाटलीत भरलेल्या पाण्याला किंवा दगडावरून खरवडलेल्या चिमूटभर गाळाला एकच तारीख असते. ऋतू बघायचा तर त्याच दगडापाशी पुन्हा पुन्हा जावं लागतं, थंडीत आणि पावसातसुद्धा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी युक्ती निघाली. दगड पाण्यात कधीपासून पडून आहे कोण जाणे, मग आपणच स्वच्छ काचेची पट्टी पाण्यात का ठेवू नये? तिच्यावर जे येईल त्याचा जन्मदिवस आपल्याला माहीत! इंग्लंडमध्ये रॉजर बुचर यांनी १९३०च्या सुमारास नद्यांच्या तळाशी चौकटीत बसवलेल्या अशा पट्ट्या ठेवल्या, काही आठवड्यांनी काढल्या आणि वरचे जीव मोजले. अशा वस्तीला जर्मन संशोधक 'आउफवुक्स' म्हणत, म्हणजे वर उगवलेलं. पुढे 'पेरिफायटन' हा शब्द रूढ झाला.

कोऱ्या काचेवर वस्ती कशी बसते ते वाचताना मला एखादी नवी वसाहत उभी राहताना बघितल्यासारखं वाटलं. आधी जिवाणू येतात आणि चिकट पातळ थर धरतात. मग काचेला पोट टेकून बसणारे चपटे डायटम. त्यांच्यामागून देठावर उभे राहणारे, म्हणजे माडीवाले. शेवटी लांब धाग्यांची हिरवी शेवाळं, आणि मग खालच्यांना ऊन मिळेनासं होतं. एखादा पूर येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

माझी भाचेसून कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात तिनं ओढ्यातल्या दगडावरचा तपकिरी थर दात घासायच्या ब्रशनं खरवडून, काचेवर घेऊन मला दाखवला. मी ज्याला आयुष्यभर घाण म्हणत आले त्यात सोनेरी-तपकिरी होड्या होत्या! वल्हं नाही, शीड नाही, पण सावकाश सरकत होत्या, थांबत होत्या, मागे येत होत्या. मी अर्धा तास डोळा काढला नाही. "मामी, चहा गार झाला" म्हणून ती दोनदा सांगून गेली.

असो. इंग्लंडच्या उत्तरेला सरोवरांचा मुलूख आहे. तिथे विंडरमिअर सरोवराच्या काठी १९३०च्या दशकात गोड्या पाण्याच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. मॉड गॉडवर्ड यांनी त्याच सरोवराच्या काठालगतच्या शैवालांचा अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. १९४५ पासून जॉन लुंड यांनी सरोवराच्या पाण्याचा दर आठवड्याला नमुना घ्यायला सुरुवात केली. ते पाहत होते तरंगणारे डायटम, त्यातही ताऱ्याच्या आकाराचा ॲस्टेरिओनेला. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की याची संख्या भराभर वाढते आणि मग एकाएकी कोसळते. का? लुंड यांच्या आठवड्याच्या नोंदींनी १९५० मध्ये उत्तर दिलं. हिवाळ्यात पाण्यात साठलेला सिलिका हे डायटम घरं बांधण्यात संपवून टाकतात. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की बांधकाम बंद! हिल्डा कँटर यांनी दुसरंही एक कारण दाखवलं. या ताऱ्यांना बुरशीची लागण होते आणि रोगाच्या साथीत गावं ओस पडावीत तशी ती वस्ती ओस पडते. पुढे या दोघांनी लग्न केलं.

पण आपला विषय दगड. त्याच मुलखातल्या एका लहान खडकाळ ओढ्यात बार्बरा डग्लस यांनी दगडांवरचे डायटम मोजले आणि १९५८ मध्ये लिहिलं. ऊन आणि थंडी एवढ्यानं हिशेब पुरा होत नव्हता. पूर दगड धुऊन नेत होता. शिवाय, बारीक खड्यांचं घर अंगावर घेऊन फिरणारी एका पाणकिड्याची अळी गाईनं कुरण चरावं तशी दगड चरत होती. अळ्या वाढल्या की डायटम कमी. म्हणजे दगडावरचा ऋतू आभाळातून येतो तसा कुणाच्या तरी पोटातूनही येतो.

अटलांटिकच्या पलीकडे रुथ पॅट्रिक (१९०७–२०१३) हेच काम वेगळ्या हेतूनं करत होत्या. वडील वकील, पण डायटमचे वेडे. त्यांनी मुलीला सातव्या वर्षी सूक्ष्मदर्शक दिला. १९४८ मध्ये तिनं पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्याची पाहणी करून दाखवलं की कोणते आणि किती प्रकारचे जीव आहेत यावरून नदीचं दुखणं ओळखता येतं. निरोगी ठिकाणी जाती पुष्कळ असतात. घाण पाण्यात मोजक्याच तग धरतात आणि त्यांचंच राज्य होतं. १९५४च्या सुमाराला नदीत तरंगत ठेवायची, काचपट्ट्या बसवलेली पेटी त्यांनी वापरात आणली. पण ही नाडी बघायची तर आधी त्या नदीचा ऋतुमानाप्रमाणे होणारा बदल ठाऊक हवा. नाहीतर ऋतूलाच आजार समजायची पाळी.

इथे मला शाळेचं हजेरीपत्रक आठवतं. रोज सकाळी नाव पुकारायचं आणि खूण करायची. कंटाळवाणं काम. एका दिवसाच्या खुणेला काडीचा अर्थ नाही. पण वर्षाअखेरीला बेरजा मारताना सगळं दिसायचं. लावणीच्या दिवसांत कोणती मुलं गायब, ऊसतोड सुरू झाली की कोणता बाक रिकामा, तापाची साथ कोणत्या आठवड्यात आली. गावाचं सगळं वर्ष त्या आडव्या-उभ्या रेघांत असायचं, आणि एकाही रकान्यात लिहिलेलं नसायचं. लुंड आणि डग्लस यांनी केलं ते हेच. त्यांनी दगडांची आणि पाण्याची हजेरी घेतली.

आता शिंपल्यांकडे वळते. शिंपलेही पाण्यात दगडासारखेच पडून असतात, अर्धे वाळूत, अर्धे वर. वरच्या अर्ध्या भागावर तसाच तपकिरी-हिरवा थर वाढतो. फरक एवढाच की हा दगड जिवंत आहे.

इथेही पहिला मान लेव्हेनहूकचाच. १६९५ मध्ये त्यानं गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची अंडी भिंगाखाली धरली तर आतली पिल्लं गरगर फिरत होती. तो, त्याची मुलगी आणि चित्रं काढणारा कारागीर असे तिघं दोन तास तो सोहळा बघत बसले म्हणे! शंभर वर्षांनी, १७९७ मध्ये, राथके नावाच्या अभ्यासकानं तीच पिल्लं पाहिली आणि ती शिंपल्याला लागलेली कीड आहे असं ठरवून तिला नावही दिलं. १८६६ मध्ये लायडिग यांना ती माशांच्या परांवर चिकटलेली सापडली तेव्हा गोष्ट उलगडू लागली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, पण शिंपल्याच्या पिल्लाला मासा धरल्याशिवाय मोठंच होता येत नाही. काही आठवडे माशाच्या कल्ल्यावर किंवा परावर काढायचे, मग सुटून तळाशी जायचं आणि तिथं जन्म घालवायचा. युरोपातला मोत्यांचा शिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. कवचावर वर्षांच्या रेघा उमटतात आणि त्याच कवचावरच्या थरात आठवड्यांचे बदल होत राहतात.

अनेक जातींचे शिंपले हिवाळ्यात वाळूत खोल जातात आणि ऊब आली की वर येतात, म्हणजे पाठीवरची बागही त्यांच्याबरोबर खाली-वर जाते. शिवाय ते पाणी गाळून खातात आणि जे बाहेर टाकतात त्यात नत्र असतं, म्हणजे खतच. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नद्यांवर केरिन व्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. उन्हाळ्यात पाणी कमी आणि नत्राची टंचाई असताना, जिथे शिंपल्यांची दाट वस्ती होती तिथे डायटम टिकून होते. जिथे शिंपले नव्हते तिथे हवेतलं नत्र धरणाऱ्या निळ्या-हिरव्या शैवालांनी जागा बळकावली होती. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे शिंपले गेले की शेजारच्या दगडावरचा उन्हाळासुद्धा बदलतो!

आणि शिंपले गेलेच. आमच्या लहानपणी सदऱ्यांना शिंपल्याची बटणं असत, आठवतं का? योहान बेपल नावाचा एक जर्मन बटणं करणारा कारागीर १८९१ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या मस्कटीन गावी आला आणि त्यानं नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं कापायला सुरुवात केली. १९०५ मध्ये त्या एका गावातून दीड अब्ज बटणं निघाली. नदीचे तळ दाताळ्यांनी ओरबाडून काढले. शिंपले संपत आले तेव्हा १९०८ मध्ये सरकारनं जवळच फेअरपोर्टला केंद्र काढलं. माशांना पिल्लं चिकटवून ते मासे पुन्हा नदीत सोडायचे! म्हणजे लेव्हेनहूकनं गंमत म्हणून पाहिलेल्या पिल्लांवर आता धंद्याचं जगणं टांगलेलं होतं. बेपल शेवटी त्या सरकारी कामातच होता. शिंपल्यानं पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये तो गेला. पुढे प्लॅस्टिकची बटणं आली, पण तोवर धरणं आणि गटारंही आली होती. उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ३०० जातींपैकी दोन तृतीयांशांहून अधिक आज संकटात आहेत आणि तीसच्या आसपास कायमच्या नाहीशा झाल्या. त्यांच्या पाठीवर कोणत्या महिन्यात काय वाढत होतं, याची हजेरी घ्यायला तेव्हा कुणी गेलं नव्हतं. आता जायचं म्हटलं तरी पट कोरा.

आपल्याकडे काय? १९५०च्या दशकात हेमेंद्रकुमार गांधी या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी कोल्हापूर, राधानगरी आणि पन्हाळगड इथल्या पाण्यातले डायटम शोधून त्यांची वर्णनं आणि रेखाटनं प्रसिद्ध केली. पन्हाळगडाचा वेढा मी वर्षानुवर्षं शिकवला, पण गडाच्या पाण्याला असाही इतिहास आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं. आपल्या नद्यांचा ऋतू इंग्लंडसारखा नाही. इथे पाऊस हाच कर्ता. पहिल्या पुरात दगड गडगडत, घासत जातात, पाटी कोरी होते, आणि पाणी निवळल्यावर धडा पुन्हा पहिल्यापासून.

लेव्हेनहूकचं ते तळं आज नाही. पाणी उपसून त्याची शेतजमीन केली. तिथे उन्हाळ्यात हिरवे ढग यायचे हे आपल्याला कळतं ते शेतकऱ्यांनी पाहिलं आणि एका कापडवाल्यानं लिहिलं म्हणून. विंडरमिअरची गोष्ट याहून सुखाची. लुंड १०२ वर्षं जगून २०१५ मध्ये गेले, माणसं बदलली, पण नोंदी पुढे चालू राहिल्या. हजेरीपत्रकाला शिक्षक बदललेला चालतो, खाडा चालत नाही.

भाचेसुनेच्या धाकटीला मी एक दोनशे पानी वही आणून दिली आहे. दर रविवारी आम्ही दोघी ओढ्यावरच्या एकाच दगडापाशी जातो. रंग कोणता, हाताला कसा लागतो, पाणी कुठवर, एवढंच लिहितो. माझे गुडघे किती रविवार साथ देतील सांगता येत नाही, म्हणून अक्षर तिचंच ठेवलं आहे. तुमच्या गावच्या नदीत असा एखादा ओळखीचा दगड असेल तर तो सध्या तपकिरी आहे की हिरवा, जरूर कळवा. तारीख घालायला मात्र विसरू नका.